कर्दळीच्या तळ्याचं पाणी

“गटाराचं पाणी म्हणं भाजीला सोडायचं. उद्या तांब्यात घालून पाव्हण्याला देतील, प्या म्हणतील.”

अनसाबाई हे जीपमध्ये बोलली, आणि अनिताच्या मानेपासून वीतभर अंतरावरून बोलली. तळेगावच्या बाजारातून बोरमाळला येणाऱ्या जीपमध्ये याहून जास्त अंतर कुणाला मिळतच नाही. मागच्या बाकड्यावर अनसाबाई, तिच्या मांडीवर रिकामी पाटी, पाटीत कुणाची तरी कोथिंबीर, आणि मधल्या बाकड्यावर तिच्याकडं पाठ करून अनिता. अनसाबाईनं तिला पाहिलं नव्हतं असं मुळीच नाही. चढताना अनिताची पिशवी तिनंच हातात धरली होती. पण बोरमाळात माणसाच्या तोंडावर बोलण्यापेक्षा त्याच्या मानेवर बोलणं सभ्यपणाचं समजतात.

“अगं पण तपासून चांगलं आलंय म्हणत्यात पाणी,” दुसरी एक म्हणाली.

“आलं असंल. मी कुठं न्हाई म्हणते. चांगलं हाय तर ऱ्हाऊ दे की तळ्यात. शोभा येती.”

दोघी-तिघी हसल्या. अनितालाही मनातल्या मनात हसू आलं, कारण बोलणं खरंच चांगलं होतं. बाजारात गवार विकतानाही अनसाबाई असंच बोलायची, म्हणून तिची गवार सगळ्यांच्या आधी संपायची. अनिता वळली नाही. तापलेल्या पत्र्याला दंड लागू नये म्हणून ती आधीच अंग चोरून बसली होती, ते आणखी थोडं चोरलं. उपसरपंच झाल्यापासून तिला एवढं कळलं होतं, की ऐकलेल्या प्रत्येक गोष्टीला उत्तर द्यायचं म्हटलं तर घरी स्वयंपाक होत नाही. सरपंच पोपटराव कायम पुण्याला मीटिंगला असायचे. त्यामुळं गावात जे काही तुंबेल ते वाहत वाहत तिच्याच दारात येऊन थांबायचं.

या खेपेला तर खरंखुरं पाणीच येऊन थांबलं होतं.

पूर्वी बोरमाळच्या न्हाण्यांचं, मोऱ्यांचं, धुण्याभांड्यांचं पाणी रस्त्यानंच हिंडायचं. पाव्हण्याला घर सांगताना ‘दुसरं डबकं ओलांडून डाव्या हाताला’ असं सांगायचे. मग रांजणगावच्या एका कंपनीनं गावाला मदत द्यायचं ठरवलं, आणि व्यायामशाळा नको, कमान नको, गटारं नीट करू, असं म्हणणारी त्या सभेत एकटी अनिता होती. सगळ्या आळ्यांची गटारं बंद केली, एकत्र जोडली आणि गावाच्या खालच्या अंगाला नेली. संडासाचे खड्डे प्रत्येकाचे वेगळे, त्यांचा इथं संबंध नव्हता. खाली आधी एक जाळी, मग गाळ बसायची टाकी, मग खडी भरलेला लांबलचक वाफा आणि वाफ्यात दाट कर्दळ. गावाचं पाणी त्या कर्दळीच्या मुळांतून निवांत झिरपत पलीकडच्या तळ्यात उतरायचं. उतरताना इतकं निवळ झालेलं असायचं, की हेच ते सकाळचं साबणाचं पाणी हे सांगूनही खरं वाटू नये. कर्दळीला लाल-पिवळी फुलं आली, तेव्हा पोरी तिथं फोटो काढायला जायला लागल्या.

म्हणजे गावच्या योजनेच्या बाबतीत सहसा होत नाही ते इथं झालं. योजना चालली. आणि चालली म्हणूनच पंचाईत झाली.

कारण तळं भरायला लागलं. तळ्यातलं पाणी शेजारच्या शेतकऱ्यांनी उचलायचं, असं आधीच ठरलेलं होतं. पंप बसवला होता, पाइप थेट बांधांपर्यंत नेले होते, फुकट पाणी, कॉक फिरवायचा एवढंच. कॉक कुणी फिरवला नाही. कालव्याचं आवर्तन लांबलं, विहिरींचे तळ दिसायला लागले, बोअर मधेच हवा ओकायला लागले, तरी नाही. आणि तळ्याच्या खालच्या बाजूला, उताराला, मिशन आळीचं कबरस्तान होतं.

तळ्याची जागा आखत होते तेव्हा चर्चचे पाळक आणि आळीतली चार माणसं येऊन उभी राहिली होती. पाळकांनी एकच विचारलं होतं, पाणी आमच्या माणसांवर तर येणार नाही ना. अनिता म्हणाली होती, नाही येणार, माझा शब्द आहे. तेव्हा तिला वाटलं होतं, उन्हाळ्यात फुकटच्या पाण्याला बोरमाळात गिऱ्हाईक मिळणार नाही, असं कसं होईल.

फाट्यावर जीप थांबली. अनिता उतरली तर समोर लिंबाखाली दयाबाई उभी.

“सलाम, वैनी.”

“सलाम, मावशी. एवढ्या उन्हात का उभ्या?”

“काय न्हाई. म्हणलं जरा खाली येता का. घाई असंल तर ऱ्हाऊ द्या, उद्या या.”

दयाबाईचं हे असंच. ती कधी तक्रार करत नसे, नुसती दुसऱ्याच्या सवडीची चौकशी करत असे. त्यामुळं तिच्या कामाला नाही म्हणणं फार जड जायचं. पिशवी या हातातून त्या हातात घेत अनिता तिच्या मागं चालायला लागली.

दयाबाईचा नवरा इसहाक गवंडी. गावातली निम्मी पक्की घरं त्याच्या हातची. अनिता ज्या घरात सून म्हणून आली, ते भिमाजी आबांचं घरही त्यानंच बांधलेलं. आबा आणि इसहाक एकाच वयाचे. दुपारी काम थांबलं की दोघं आबांच्या बांधावर बसायचे, मधे हातभर जागा सोडून. आबा तंबाखू मळायचे आणि इसहाकच्या पसरलेल्या तळहातावर वरून सोडायचे. दोघांचं बोलणं तासन् तास चालायचं आणि तंबाखू कायम वरूनच पडायचा. त्यात दोघांनाही काही वावगं वाटलेलं कुणी पाहिलं नाही. मागच्या थंडीत इसहाक गेला, तेव्हा आबा काठी टेकत कबरस्तानापर्यंत आले आणि मूठभर माती टाकून गेले.

कबरस्तानाच्या फाटकाशी दयाबाईनं चपला काढल्या. अनितानंही काढल्या. चार पावलं गेल्यावर तिच्या पायाला गारवा लागला आणि मग बोटांच्या मधून पाणी वर आलं.

तळ्याच्या बांधाखालून पाणी पाझरत होतं आणि पहिल्या रांगेत पसरलं होतं. पहिली रांग म्हणजे नव्या कबरींची. इसहाकच्या कबरीवर त्याच्याच हाताखाली शिकलेल्या पोरांनी सिमेंटचा चौथरा बांधला होता आणि वर ‘प्रभूमध्ये निद्रिस्त’ असं कोरलं होतं. चौथऱ्याच्या एका कोपऱ्याखालची माती बसली होती, आणि चौथरा त्या बाजूला कलला होता. फार नाही. बघणाऱ्याला आपलीच मान तिरकी झाली असेल असं वाटावं इतकाच.

दयाबाई त्या कोपऱ्याकडं बघत होती.

“यांना वाकडं काम कधी खपलं न्हाई,” ती म्हणाली.

अनितानं वाकून पाण्यात हात घातला. पाणी स्वच्छ होतं, खालचे खडे दिसत होते. घाण असतं तर निदान कुणावर तरी चिडता आलं असतं.

“आता हे असं हाय. उद्या पाऊस पडला की कसं हुईल,” दयाबाई सावकाश म्हणाली. “पाळक म्हणत व्हते तालुक्याला अर्ज करू. मी म्हणलं, थांबा, वैनींनी शब्द दिलाय.”

यात टोमणा नव्हता. दयाबाईला टोमणा मारता येत असता तर अनिताचं बरंच सोपं झालं असतं.

परत येताना दयाबाईनं घरी नेलं, चहा केला. अनिता चहा प्यायली. मिशन आळीत ती नेहमीच चहा प्यायची, पाणीही प्यायची. आणि आपण इथं चहा पितो हे आपण मनात कुठंतरी स्वतःच्या नावावर जमा करून ठेवतो, हे तिला अधूनमधून कळायचं. कळलं की घोट घशात जरा थांबायचा. वरच्या आळीतल्या बबनरावांकडं प्यायलेला चहा तिनं कधी असा जमा केला नव्हता.

बबनरावांकडं ती दुसऱ्या दिवशी सकाळीच गेली. तळ्याच्या वरच्या अंगाला त्यांची भेंडी होती. भेंडीची पानं दुपारच्या आधीच मान टाकत होती. बबनराव बांधावर फोनवर बोलत होते, तिला बघून त्यांनी फोन ठेवला आणि ती यायच्या आधीच हात जोडले.

“वैनी, माझी अडचण समजून घ्या. मला काय वाटायचंय हो. पण क्षार असत्यात.”

“तपासलेत, भाऊजी. तुमच्या बोअरपेक्षा कमी हायत.”

“आन् साबण?”

“तो कर्दळीतच ऱ्हातो.”

“बरं, पीएचचं काय?”

गेल्या काही दिवसांत बोरमाळात जेवढं रसायनशास्त्र बोललं गेलं तेवढं शाळेतही कधी शिकवलं गेलं नसेल. ज्यांनी आयुष्यात खताच्या गोणीवरचं अक्षर वाचलं नव्हतं ते आता नायट्रेटबद्दल काळजी करत होते. अनितानं पीएचचंही सांगितलं. बबनरावांनी मान हलवली, भेंडीकडं पाहिलं, आभाळाकडं पाहिलं.

“मग ऱ्हाता ऱ्हाता एकच ऱ्हायलं. लोड.”

“कसला लोड?”

“खालच्या आळीचा. मिशन आळीचं गटार शेवटाला येऊन मिळतं न्हवं? एकदम लोड येतो त्यानं. तेवढं गटार वेगळं काढा, उद्या सकाळी मी सोता कॉक फिरवतो.”

“खालच्या आळीत घरं मूठभर, भाऊजी. वरच्या आळीत सगळं गाव. लोड कुणाचा जास्त?”

“तसा लोड न्हाई हो.”

“मग कसा?”

बबनरावांनी एक भेंडी तोडली, मोडून पाहिली, टाकून दिली. “तांत्रिक हाय ते,” ते म्हणाले. “चहा घेता ना?”

तिनं घेतला. चहाला नाही म्हणून कुणाचं भलं झालं नसतं.

तो शब्द गावभर पसरला. किराणा दुकानात लोड, पिठाच्या गिरणीत लोड, दूध डेअरीच्या रांगेत लोड. शब्द मोठा सोयीचा होता. इंग्रजी होता, आणि त्याला कसलाच वास नव्हता. तो उच्चारला की समोरचा समजून मान हलवायचा आणि दोघांचेही हात स्वच्छ राहायचे. कंपनीच्या साहेबांचा फोन आला, मॅडम, शेतकरी पाणी का उचलत नाहीत, तेव्हा अनिताच म्हणाली, “सर, थोडा लोडचा इश्यू आहे.” साहेब म्हणाले, मग इंजिनियर पाठवतो. फोन ठेवल्यावर तिनं चूळ भरली, पण तोंडाची चव काही गेली नाही.

ती खरं तर कुणालाही वेगळं काही सांगू शकली असती. पण सांगायचं म्हणजे काय आणि कुणाला. ज्यांनी तिला मतं दिली त्यांना. ज्यांच्याकडं ती हळदीकुंकवाला जाते त्यांना. आणि सगळ्यात आधी तिच्याच घरात, कारण तळ्याला सगळ्यात जवळचं शेत भिमाजी आबांचं होतं. पाइप आधी त्यांच्या बांधाला लागत होता. आबांनी कॉक फिरवला असता तर बबनरावांनी दुपारच्या आत फिरवला असता, आणि अनसाबाईनं आपली गवार ‘तळ्याच्या पाण्याची’ म्हणून चार पैसे वर विकली असती.

रात्रीची वाट न बघता तिनं दुपारी जेवतानाच विषय काढला. आबा भाकरी कुस्करत होते. सासूबाई, विठाबाई, कोरड्यास वाढत होत्या. अनिताचा नवरा शिरूरला पतसंस्थेत कारकून. तो त्या दिवशी सुट्टीवर होता, म्हणजे नुसता तिथं बसला होता. घरातल्या कुठल्याही प्रश्नावर त्याचं मत विचारलं की तो चष्मा काढून पुसायचा, आणि चष्मा पुसून होईपर्यंत प्रश्न दुसऱ्या कुणाकडं तरी गेलेला असायचा.

“आबा, पाइप आपल्या बांधापर्यंत आलाय. कॉक फिरवायचा तेवढा.”

“हं.”

“ऊस वाळाय लागलाय.”

“वाळतोय खरा.”

“मग?”

“कालवा सुटंल की.”

“कालवा कवा सुटणार ते कालव्याला तरी म्हाईत हाय का? आन् नदीवरची मोटर चिखल ओढती आता.”

आबांनी कुस्करा कालवला. त्यांची मोटर नदीवर होती. त्या नदीला वरून पुण्याचं पाणी येतं, हे राहू गावापासून सगळ्या पट्ट्याला माहीत. उन्हाळ्यात ते पाणी काळं असतं, बंधाऱ्यावरून पडलं की पांढरा फेस वाऱ्यानं उडत बाभळीवर जाऊन बसतो. त्याच पाण्यावर आबांचा ऊस वर्षानुवर्षं पोसला. नव्या लागणीला पहिलं पाणी सोडायचं तेव्हा विठाबाई पाटाच्या तोंडाशी बसून पाण्याला हळद-कुंकू वाहायच्या, पाच दाणे साखर सोडायच्या. नाकाला पदर लावून वाहायच्या, पण वाहायच्या.

“आगं, आपण पाण्याला हळद-कुंकू वाहतो,” विठाबाई आता म्हणाल्या. “ह्या पाण्याला कसं वाहायचं?”

“नदीच्या पाण्याला वाहता की, आत्या. त्यात अख्ख्या पुण्यानं काय काय सोडलेलं असतं.”

“ते पुण्याचं.”

“म्हंजी?”

“म्हंजी लांबचं. लांबचं काय दिसतंय कुणाचं ते.”

एवढं बोलून विठाबाई थांबल्या. अंधारात पाय टाकावा आणि खाली काहीतरी मऊ लागावं तशा थांबल्या. मग पळी उचलली आणि अनिताच्या ताटात न मागता कोरड्यास वाढलं. अनिताच्या नवऱ्यानं चष्मा काढला. आबा पाणी प्यायले, तांब्या खाली ठेवला, आणि टोपी शोधायला लागले. टोपी डोक्यावरच होती.

अनिता जेवत राहिली. आत्ता विचारावं असं तिला वाटलं, कुणाचं म्हणजे कुणाचं. प्रश्न अगदी जिभेवर होता. पण या घरात ती कित्येक वर्षं राहिली होती, अजून कित्येक राहायचं होतं, आणि संध्याकाळी पुन्हा याच चौघांना भाकरी लागणार होत्या. तिनं प्रश्न घासाबरोबर गिळला. तो काही लगेच खाली उतरला नाही.

रविवारी तिनं सगळ्यांना तळ्यावरच बोलावलं. ग्रामपंचायतीच्या पंख्याखाली बसून काही निघत नाही, निदान पाणी बघून बोलतील, असा तिचा हिशोब. चार वाजता चर्चची माणसं घरी जाऊन जेवून आलेली असतात, ऊन जरा कललेलं असतं. आले तसे बरेच. बबनराव आले ते हातात मोजायचा टेप घेऊनच. अनसाबाई आली, कारण गावात काही होणार आणि ती नसणार असं होत नसे. विठाबाई शेतातून परस्पर आल्या. आबा आधीच येऊन बांधावर बसले होते, काठी मांडीवर आडवी ठेवून. दयाबाई आळीतल्या दोघीतिघींबरोबर आली आणि बाजूला, कबरस्तानाच्या तारेला लागून उभी राहिली. सरपंच पोपटराव पुण्यालाच होते, पण बबनरावांच्या फोनमधून स्पीकरवर हजर होते. मागं पुण्याच्या हॉर्नचा आवाज येत होता.

“नमस्कार सगळ्यांना,” फोन म्हणाला. “मी काय म्हणतो, वाद कशाला. मी इंजिनियरशी बोललोय. तळ्यातून एक मोठा पाइप टाकायचा, सरळ खाली ओढ्याला. पाणी ओढ्यात, आपण मोकळे. खर्चाचं मी बघतो.”

“ओढ्याला जायला वाट कुठंय?” अनितानं विचारलं. “मधी कबरस्तान हाय.”

“त्याच्या कडेनं.”

“कडेला पहिली रांग हाय.”

फोनमध्ये जरा खरखर झाली. “ते काय, थोडं सरकवावं लागंल.”

“काय सरकवावं लागंल?”

“ते चौथरे हो. तीन-चारच. दुसरीकडं चांगले बांधून देऊ, फरशी लावून देऊ. गावाच्या कामाला एवढं...”

पुढं हॉर्न आला. कुणी तारेकडं पाहिलं नाही. अनसाबाईसुद्धा नुसतं पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. अनितानं तोंड उघडलं. कितीतरी दिवस तिच्याजवळ एक वाक्य तयार होतं, भांडी घासताना, जीपमध्ये, अंथरुणावर ती ते मनात म्हणून पाहत होती. ते सोडून बाकी सगळं बाहेर आलं.

“थांबा जरा. म्हंजी, दुसरा काही मार्ग निघतो का बघू. लोडचंच असंल तर...”

ती थांबली. आपणच तो शब्द पुन्हा बोललो हे तिच्या लक्षात आलं.

“सरकवा,” दयाबाई म्हणाली.

सगळ्यांनी मग तिच्याकडं पाहिलं.

“सरकवा की,” ती पुन्हा म्हणाली, अगदी साध्या आवाजात. “यांना कामाच्या जागा बदलायची सवय व्हती. आज इथं, उद्या तिथं. गावचं काम म्हणलं की भाकरी बांधून निघायचे. फकस्त मला आधी सांगा, म्हंजी मी येऊन उभी ऱ्हाईन. अनोळखी माणसांनी उचललेलं त्यांना आवडायचं न्हाई.”

आळीतली एकजण तिचा हात धरायला गेली. दयाबाईनं तो हळूच सोडवून घेतला. ती रडत नव्हती. बाजारातून लांबवर चालत आलेलं माणूस ओझं खाली ठेवायला जागा शोधतं, तशी ती दिसत होती.

“दयाबाई मनानं मोठीच पहिल्यापासनं,” अनसाबाई म्हणाली. दोघातिघांनी मान डोलावली. ज्याच्याकडून काही काढून घ्यायचंय त्याला गाव आधी मोठं करतं. वातावरण सैल झालं. बबनरावांनी टेपचं टोक खेचलं आणि तळ्याच्या बांधाला लावलं, कुणीतरी दुसरं टोक घेऊन तारेकडं निघालं. टेप आबांच्या पायापाशी येऊन अडला.

“आबा, जरा पाय घ्या.”

आबांनी पाय घेतला नाही.

“आबा,” बबनराव जरा मोठ्यानं म्हणाले. म्हाताऱ्याला ऐकू आलं नसेल असं त्यांना वाटलं.

“टेप गुंडाळ, बबन.”

“आता ठरलं न्हवं का, आबा. दयाबाईच हो म्हणल्या.”

“ती हो म्हणंल. ती कशालाबी हो म्हणंल. इसाक तसाच व्हता.” आबा तळ्याकडं बघत बोलत होते. “त्याला हलवायचं न्हाई.”

“मग पाण्याचं काय करायचं?” फोननं विचारलं. बबनरावांनी फोन छातीशी धरला, मग काय वाटलं कुणास ठाऊक, बंदच केला.

विठाबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं. त्या काहीतरी म्हणायला पुढं झाल्या, घरी चला, ऊन लागलंय, असं काहीतरी. पण आबांनी त्यांच्याकडं बघितलं नाही, तेव्हा त्या होत्या तिथंच उभ्या राहिल्या. आपल्याला हवं तेच होणार आहे की नको तेच, हे अनिताला कळेना.

“पाण्याला कायबी झालेलं न्हाई,” आबा म्हणाले. “मी रोज बांधावर बसतो. रोज बघतो. वास न्हाई, घाण न्हाई. परवा कुणी नसताना वंजळीत घेऊन बघितलं. नदीच्यापरीस लाख पटीनं चांगलं हाय.”

“मग आबा,” बबनराव हळू म्हणाले, “तुम्हीच का कॉक...”

“तू का फिरवला न्हाईस?”

“मी सांगितलं ना, लोडचा...”

“लोड,” आबा म्हणाले. हसले नाहीत. काठी मांडीवरून उचलून त्यांनी जमिनीवर टेकली आणि उठायचा प्रयत्न केला. एकदा जमलं नाही, दुसऱ्यांदा जमलं. कुणी हात दिला नाही, कारण कुणाला हलायचंच नव्हतं. मग त्यांनी तारेकडं तोंड केलं, दयाबाईकडं. इतक्या वर्षांत त्यांनी तिच्याशी थेट बोलणं फारसं केलं नव्हतं, जे काय असेल ते इसहाकमार्फत चालायचं.

“ह्यात तुमच्या आळीचं न्हाणीचं पाणी हाय म्हणून आम्ही घेत न्हाई, दयाबाई. दुसरं काय कारण न्हाई. तुमच्या अंगावरचं पाणी आमच्या पिकाला नको वाटतं. ह्या सगळ्यांना वाटतं. मलाबी वाटतं.”